मामाच्या वाट्याची कॅसेट

मित्रांनो, मला हातात घेणार असाल तर कडेने धरा. माझ्या पाच स्क्रूंपैकी एक हरवला आहे आणि उजवा कोपरा थोडा उघडा पडला आहे. मी कॅसेट आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला कधी वाजताना ऐकले नसेल, म्हणून आधी माझे शरीर समजावून सांगते. माझ्या पोटात दोन चाके आहेत. एका चाकावर तपकिरी फीत गुंडाळलेली असते. ती हळूहळू दुसऱ्या चाकावर जाते आणि जाता जाता यंत्राच्या छोट्या डोक्याला घासते. त्या घासण्यातून गाणे निघते. म्हणजे दर वेळी गाताना मी थोडी झिजते. मला त्याचे वाईट वाटत नाही. न झिजता नुसते पडून राहण्याचे दिवसही मी काढले आहेत, आणि ते फार जड होते.

माझ्यावर आठ गाणी आहेत. ती लेनाका नावाच्या बँडची आहेत. लेनाका म्हणजे आमच्या भाषेत शिंग. माऊन गावातल्या चार जणांनी हा बँड सुरू केला. त्यांचे संगीत मेटलचे. त्यात गिटार करवतीसारखी चालते, ड्रम बुजलेल्या कळपासारखे धावतात आणि गाणारा गळ्याच्या तळातून असा आवाज काढतो की नवख्याला वाटावे, याचे कोणाशी तरी भांडण झाले आहे. या संगीताचे चाहते भर उन्हात काळी कातडी जाकिटे आणि रुंद टोप्या घालून हिंडत. दिसायला भयंकर, पण रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीची पिशवी आधी तेच उचलत.

बँडचा पहिला गायक मोआलोसी. गिटार वाजवणारा ओतेंग हा त्याच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. मामा भाच्याहून चारच वर्षांनी मोठा, त्यामुळे दोघे एका ताटात जेवत, एकमेकांचे बूट घालत आणि अरे-तुरे करत. पण मामा तो मामाच. ड्रमवर होता बारुती, जो एरवी ट्रक चालवायचा. बारुतीचा भाऊ बेस गिटार वाजवायचा. तो फारसा बोलत नसे आणि या गोष्टीतही बोलणार नाही.

एकोणीसशे शहाण्णव साली आमच्या भागातल्या गुरांना फुफ्फुसाचा रोग लागला. तो पुढे पसरू नये म्हणून सरकारने सगळी गुरे मारून खड्ड्यांत पुरली. आजारी गेली आणि धडधाकटही गेली. मोआलोसीच्या वडिलांचा सगळा कळप गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडग्यात, म्हणजे गुरांच्या काटेरी कुंपणात, कोणी हंबरले नाही. त्या वर्षात मोआलोसीने सहा गाणी रचली. लोक त्याला विचारत, "एवढा कशाला ओरडतोस रे?" तो म्हणे, "ओरडत नाही. गुरांना हाका मारतोय. ती येत नाहीत, म्हणून मोठ्यानं मारतोय."

त्या सहा गाण्यांची एक कॅसेट निघाली. ती माझी थोरली बहीण. बसगाड्यांत, गॅरेजांत, लग्नाच्या मांडवामागे ती वाजली. पण मोआलोसीला गळा कसा वापरावा हे कोणी शिकवले नव्हते. दोन वर्षांत त्याच्या स्वरपडद्यांवर गाठी आल्या. डॉक्टरांनी सांगितले, गाणे थांबव. तो थांबला नाही. एका कार्यक्रमात अर्ध्या गाण्यावर त्याचा आवाज तुटला तो परत जुळलाच नाही. उरली फक्त कुजबुज. मग त्याने टोपी उचलली आणि सेहिथ्वा गावाच्या पलीकडे, माणसांपासून दूर, गुरांच्या तळावर जाऊन राहिला.

बँड एक वर्ष थांबला. मग एके दिवशी बारुती धावत ओतेंगकडे आला. हे मी नंतर त्यांच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की मला पाठ आहे.

"गायक मिळाला! बस स्टँडवर मग्विन्या विकतो."

मग्विन्या म्हणजे कणकेचे तळलेले गोळे. आमच्याकडे सकाळी चहाबरोबर खातात.

"कोण आहे तो?" ओतेंगने विचारले.

"तो नाही. ती."

"बारुती, सकाळी सकाळी चेष्टा नको."

"अरे, मी बोलता बोलता एक गोळा जास्त उचलला. तिनं असा आवाज काढला, असा आवाज काढला, की घास घशातच राहिला! इंजिन चालू असलेल्या बसचा ड्रायव्हर खाली उतरून बघायला आला. मोआलोसीनंतर तसा आवाज मी ऐकला नाही."

तिचे नाव गाओने. वय बावीस. रविवारी चर्चच्या गायकवृंदात खालच्या पट्टीत गायची, कारण वरच्या पट्टीत तिला कोणी घेत नसे. मेटल तिने बसमध्ये ऐकले होते. माझ्या थोरल्या बहिणीवरची सहाही गाणी तिला पाठ होती. पहिल्याच तालमीत तिने "खड्डा" हे गाणे म्हटले. ते संपल्यावर बारुती बराच वेळ हातातल्या काठ्यांकडे पाहत बसला.

गाओने पाणी प्यायली आणि तिने विचारले, "ही गाणी कुणाची?"

"बँडची," ओतेंग म्हणाला.

"रचली कुणी?"

ओतेंग तारा पिळत राहिला. "मामानं."

"मग मामाला विचारलंत?"

"सांगणार आहे ना. कॅसेट हातात आली की घेऊनच जातो. एकदा ऐकल्यावर नाही कसं म्हणेल तो?"

"आणि न ऐकताच नाही म्हणाले तर?"

"पोरी, तू गळा सांभाळ," बारुती म्हणाला. "मामा ओतेंगचा आहे. तो सांभाळेल."

मित्रांनो, चूक इथेच झाली. ती वाईट मनाने झाली नाही. ओतेंगला मामाची भीती वाटत नव्हती, त्याला मामाच्या गळ्याकडे पाहण्याची भीती वाटत होती. आपली गिटार जशीच्या तशी वाजते आणि त्याचा आवाज गेला आहे, याची त्याला लाज वाटे. लाजेपायी माणूस चांगली गोष्टही उद्यावर टाकतो.

माझा जन्म एका शाळेच्या सामानाच्या खोलीत झाला. भिंतींना गाद्या टेकवल्या होत्या. उकाडा असा की गाओने प्रत्येक गाण्यानंतर बाहेर जाऊन डोक्यावर पाणी ओतून येई. तिसऱ्या गाण्यात, गिटार थांबते तिथे, तुम्हाला एक शेळी ऐकू येईल. ती दाराशी आली होती. सगळ्यांनी तिला हाकलले, पण गाणे पुन्हा तितके चांगले जमेना, म्हणून शेळी राहिली. मामाच्या सहा गाण्यांपैकी पाच झाली. "कुंपण" नावाचे सहावे गाणे काही केल्या गाओनेच्या गळ्यात बसेना. त्याऐवजी तीन नवी गाणी आली आणि आठ पुरी झाली.

मग दोन खणांच्या यंत्रावर प्रती काढल्या. पहिली प्रत मी. ओतेंगने मला बाजूला ठेवले आणि माझ्या पट्टीवर स्वतःच्या हाताने लिहिले, "मामा". आमच्याकडे रीतच आहे. भाच्याच्या हातून काही नवे झाले की पहिला वाटा मामाचा. घरी बैल कापला तर त्याचे मुंडके मामाकडे जाते. पण ते भाच्याने स्वतः न्यायचे असते, मामाच्या पुढ्यात ठेवायचे असते आणि मामा बोलेपर्यंत गप्प बसायचे असते.

माझ्या मागून निघालेल्या दोनशे बहिणी गावोगाव गेल्या. मी ओतेंगच्या खिडकीत पडून राहिले. "या रविवारी जातो," तो म्हणे. रविवार येई आणि त्याची गिटार दुरुस्त करायची निघे. असे सात रविवार गेले. शेवटी बारुतीचा ट्रक गुरांसाठी मिठाचे ठोकळे घेऊन सेहिथ्वाकडे निघाला, तेव्हा ओतेंगने मला बारुतीच्या खिशात घातले.

"तू नाही येत?" बारुतीने विचारले.

"पुढच्या वेळी. तू नुसती दे, तो समजून घेईल."

गुरांच्या तळावर पोचलो तेव्हा दुपार होती. मोआलोसी वाडग्याची काटेरी फांदी नीट लावत होता. मी त्याला प्रथमच पाहिले. उंच, सडपातळ, गळ्याभोवती रुमाल. तो बोलला तेव्हा वाळलेल्या गवतातून काहीतरी सरपटल्यासारखे वाटले.

"ओतेंग कुठंय?"

"कामात आहे."

"पाय मोडलेत त्याचे?"

"नाही."

"मग?"

बारुतीने मला पुढे केले. माझ्या कव्हरवर चौघांचा फोटो होता. मध्ये गाओने, डोक्यावर काळी टोपी. मोआलोसीने तो बराच वेळ पाहिला.

"ही कोण?"

"गाओने. गाते."

"काय गाते?"

बारुतीने घसा साफ केला. "तुझीच गाणी, मोआलोसी."

मोआलोसीने माझी पट्टी वाचली. अक्षर त्याने लगेच ओळखले असणार.

"बारुती, मुंडकं ट्रकवाल्याबरोबर पाठवतात का?"

"मी ट्रकवाला नाही. मी ड्रम वाजवतो तुझ्या बँडमध्ये."

"आज तू मिठाबरोबर आलायस. आज तू ट्रकवाला."

त्याने बारुतीला आंबट दूध दिले, ज्वारीची लापशी दिली, ठोकळे उतरवायला हात लावला. मला मात्र त्याने वाजवले नाही. फेकलेही नाही. गुरांच्या लसीकरणाचे कागद ठेवायचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात ठेवून झाकण लावले. त्या डब्यात मी तीन वर्षे काढली.

मित्रांनो, अंधाराचा त्रास नव्हता. आमची जात अंधारातच राहते. त्रास एकाच गोष्टीचा होता. ज्याच्यासाठी मला सगळ्यांत आधी काढले, त्यानेच मला ऐकले नव्हते. माझ्या बहिणी रोज गात होत्या आणि मी पहिली असून मुकी होते. आणि मला माहीत होते की माझ्या पोटात त्याचीच हाक आहे, दुसऱ्या गळ्याने मारलेली. ती त्याच्यापर्यंत पोचणार की नाही, याची मी वाट पाहत होते.

डब्यातून बाहेरचे सगळे ऐकू येई. कधी कधी काळी जाकिटे घातलेले चाहते मोआलोसीला भेटायला येत. एकजण म्हणाला, "मामा, त्या पोरीनं 'खड्डा' काय म्हटलाय! अंगावर काटा आला." मोआलोसी म्हणाला, "मी ऐकलेलं नाही." दुसरा त्याला खूश करायला म्हणाला, "तुमच्यापुढं ती कोण? तिला काय येतंय?"

"हे तिच्या तोंडावर बोललास?" मोआलोसीने विचारले.

"छे, नाही."

"मग माझ्याही तोंडावर बोलू नकोस."

तळावरची गुरे मोआलोसीची नव्हती, हे मला तिथे राहूनच कळले. वडिलांचा कळप गेल्यावर त्याने एका दूरच्या गावच्या मालकाची गुरे सांभाळायला घेतली होती. आमच्याकडे याला माफिसा म्हणतात. दूध सांभाळणाऱ्याचे, गाय मालकाची. मालकाने कधीही यावे आणि आपली गुरे पाहावीत. सांभाळणाऱ्याने प्रत्येक वासराची खबर द्यावी. एखादे जनावर मेले तर त्याचे कातडे नेऊन मालकापुढे पसरावे, म्हणजे मालकाला कळते की याने ते विकले नाही, खाल्ले नाही. एका उन्हाळ्यात एक पाडा मेला. मोआलोसीने कातडे वाळवले, खांद्यावर टाकले आणि दोन दिवस चालत मालकाकडे गेला. परत आल्यावर त्याने डब्यातल्या कागदावर त्या पाड्यापुढे फुली मारली. त्याचे बोट क्षणभर माझ्यावर टेकले. मला वाटले, आता काढेल. झाकण लागले.

तिकडे माऊनमध्ये गोष्टी बिघडत होत्या, हे मला पुढे गाओनेकडून कळले. कार्यक्रम सुरू झाला की अर्धे लोक गाओनेला टाळ्या देत आणि अर्धे ओरडत, "मोआलोसी! मोआलोसी!" पहिली दोन वर्षे तिने सोसले. तिसऱ्या वर्षी ती ओतेंगला म्हणाली, "लोकांचं मी बघून घेते. पण मामांनी अजून ऐकलं नाही. मी कुणाच्या तरी दारात न विचारता उभी आहे असं वाटतं मला. ते ऐकत नाहीत तोवर मी ही पाच गाणी म्हणणार नाही."

"ती पाच नसतील तर लेनाका कसला?" बारुती म्हणाला.

"मग लेनाका नको."

चार महिने बँड बंद राहिला. अखेर ओतेंगच्या आईला हे कळले. ती मोआलोसीची थोरली बहीण. आमच्याकडे आईला पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, म्हणून सगळे तिला म्मा-ओतेंग म्हणत. तिने एकच केले. सकाळी ब्लँकेट खांद्यावर घेतले, बारुतीच्या ट्रकमध्ये पुढे बसली आणि मुलाला म्हणाली, "मागं चढ. त्या मुलीलाही घे."

ऑगस्टचे दिवस होते. वारा धुळीने भरलेला. मी डब्यात होते, म्हणून थोडे मी स्वतः ऐकले आणि कोणी काय केले ते नंतर गाओनेच्या तोंडून कळले. ट्रकचा आवाज आला, मग म्मा-ओतेंगचा.

"मोआलोसी! बहीण आली तरी खुर्ची आणत नाहीस? का आता खुर्चीवरही रागावलायस?"

"ताई, बस. चहा टाकतो."

"चहा नंतर. तुमच्या दोघांच्या रुसव्यानं माझी कंबर मोडली. तू चाळिशीला आलास, हा त्याच्यामागं आला, आणि मला मात्र दोन रांगती पोरं सांभाळल्यासारखं वाटतंय."

सगळे झाडाखाली बसले. आमच्याकडे अशा वेळी एकेकाने बोलायचे, मध्ये कोणी तोडायचे नाही. ओतेंग खाली जमिनीवर बसला. मग म्हणाला, "मामा, मी स्वतः यायला हवं होतं. आलो नाही. तुझा आवाज गेला आणि माझी गिटार तशीच वाजत होती. तुझ्यासमोर यायला तोंड नव्हतं मला."

वाऱ्याने काटेरी फांद्या करकरत होत्या.

"तुम्ही दुसरा गायक आणलात, त्याचा राग नाही," तो कुजबुजला. सगळे ऐकायला पुढे वाकले. "गळा गेल्यावर माणूस बदलावाच लागतो. पण ओतेंग, मी परक्याची गुरं राखतो. एक पाडा मेला तर मी दोन दिवस कातडं घेऊन चाललो. ती गाणी माझी गुरं होती. बाकीची खड्ड्यात गेली, एवढीच उरली होती. तू ती दुसऱ्याच्या वाडग्यात घातलीस आणि मला तीन वर्षं खबर दिली नाहीस. ट्रकवाल्याच्या हाती पाठवलीस."

बारुती म्हणाला, "मान्य, त्या दिवशी मी ट्रकवालाच होतो." म्मा-ओतेंगने त्याच्याकडे असे पाहिले की तो पुन्हा बोलला नाही.

मग गाओने उठली. तिने टोपी काढून हातात धरली.

"मामा, माझी पाळी आहे?"

"बोल."

"तुमची गुरं माझ्याकडे आहेत. मी खबर द्यायला आले."

मोआलोसीने मान वर केली. ही मुलगी काय करते आहे ते ओतेंगलाही समजले नसावे. पण मोआलोसीला समजले, कारण तो खुर्चीत सरळ बसला. गुरे पाहायला आलेला मालक बसतो तसा.

"'खड्डा'," गाओने म्हणाली. "जसा दिलात तसाच आहे. एक शब्द हलवला नाही."

"चरतो कुठं?"

"बसमध्ये वाजतो. गुरं पुरली त्या गावांत लोक उभे राहून ऐकतात. बसून नाही ऐकत."

"पुढं."

"'धूळ'. ती थोडी वाळली. तुमच्याएवढा लांब श्वास मला नाही, म्हणून मी मध्ये दोनदा तोडते."

"पुढं."

"'कोरडी नदी'. चांगली आहे. तिच्यात एक शेळी घुसलीय."

"शेळी?"

"खरीच शेळी, मामा. हाकलली, पण गेली नाही."

म्मा-ओतेंग पदराआड हसावे तशी ब्लँकेटमध्ये हसली. मोआलोसीच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"'दोर'. धट्टाकट्टा आहे. पोरं त्याच्यावरच सगळ्यांत जास्त नाचतात. आणि 'तांबडी गाय'..." गाओने थांबली. "तिला वासरू झालंय. मी शेवटी एक कडवं घातलं. तुम्हाला न विचारता."

"ते पाहू. झाली पाच. मी सहा दिली होती. 'कुंपण' कुठंय?"

गाओनेचा आवाज खाली गेला. "ते मेलं, मामा. मी सहा महिने घासलं. माझ्या गळ्यात जगलं नाही."

"कातडं?"

गाओनेने जाकिटाच्या आतल्या खिशातून एक कागद काढला. घड्या पडून पडून तो चार जागी फाटला होता. त्यावर मोआलोसीच्या अक्षरात ते गाणे होते आणि कडेला गाओनेच्या खुणा. श्वास कुठे घ्यावा, कुठे तुटते, कुठे पुन्हा प्रयत्न केला. अगदी गजबजून गेलेला कागद. तिने तो जमिनीवर त्याच्यापुढे पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून दोन बाजूंना दोन खडे ठेवले.

मोआलोसी वाकून पाहत राहिला. त्याने प्रत्येक खूण बोटाने पाहिली. मग तो उठला आणि घरात आला. माझ्यावर उजेड पडला.

बारुतीने तालमीतला टेपरेकॉर्डर आणला होता. पण तीन वर्षांत माझ्यात धूळ शिरली होती आणि फीत एका ठिकाणी सैल पडून अडकली होती. यंत्राने मला एकदा ओढले, करकर केली आणि ते थांबले. सगळ्यांचे चेहरे पडले. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटले, आता आपण तुटणार, आणि तेही त्याने ऐकण्याच्या क्षणभर आधी. मोआलोसीने मला बाहेर काढले, फुंकर मारली, लसीच्या कागदांबरोबरची पेन्सिल माझ्या चाकात घातली आणि वासराच्या पायातला काटा काढावा तसे हळूहळू फिरवून फीत ताणून घेतली. वाजली मी.

मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजले. मोआलोसी डोळे मिटून बसला होता. "खड्डा" चालू असताना त्याचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. शेळी ओरडली तेव्हा तळावरच्या एका शेळीने उत्तर दिले आणि सगळ्यांना हसू आले. "धूळ" आले तेव्हा त्याने हात वर करून टेप थांबवला.

"इथं तू खांदे उचलतेस," तो गाओनेला म्हणाला.

"तुम्हाला कसं दिसलं?"

"ऐकू येतं. मीही असाच उचलायचो. असाच गळा घालवला मी. श्वास इथून घे." त्याने पोटावर हात ठेवला. "नाहीतर पाच वर्षांत तूही माझ्यासारखी कुजबुजशील. मग तुझी गुरं कोण राखणार?"

"माझी कुठली गुरं, मामा?"

"'तांबडी गाय' माझी. ते कडवं वासरू. ते तुझं. नीट राखणाऱ्याला मालकानं एवढं द्यावंच लागतं."

गाओनेने टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि डोळ्यांवर ओढली.

माझ्या दुसऱ्या बाजूला आठवे गाणे संपल्यावर थोडी फीत कोरी राहते. ती कोरीच सरकत होती. सगळ्यांना वाटले, झाले. इतक्यात मोआलोसीने पुढे होऊन टेपचे लाल बटण दाबले.

"मामा, अरे, रेकॉर्ड होईल!" ओतेंग म्हणाला.

"कळतं मला," असे म्हणून तो माझ्याजवळ वाकला.

त्यानंतर त्याने खूप केले. पुढची अकरा वर्षे तो दर महिन्याला माऊनला येई आणि गाओनेला श्वास शिकवी. ओतेंग त्याला स्वतः आणायला जाई, स्वतः पोचवायला जाई. लेनाकाच्या आणखी तीन कॅसेटी निघाल्या. कार्यक्रमात लोक अजूनही "मोआलोसी!" ओरडत, पण आता तो पहिल्या रांगेत उभा असे आणि हाताने गाओनेकडे बोट दाखवी. नंतर तो म्हातारा होण्याआधीच गेला. त्याला शनिवारी सकाळी पुरले. काळ्या जाकिटांतली माणसे हातात हात धरून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी होती.

आता मी गाओनेच्या घरी कपाटात असते. तिचा आवाज पन्नाशीकडे झुकतानाही शाबूत आहे. तिच्याकडे मुले शिकायला येतात. पहिल्या दिवशी ती त्यांना गाणे शिकवत नाही. मला जुन्या टेपमध्ये घालते आणि शेवटचे एक मिनिट ऐकवते. माझ्या दोनशे बहिणींपैकी कोणाकडेही ते मिनिट नाही. आधी वारा येतो, मग एक कुजबुज येते.

"मी मोआलोसी. आज माझी गुरं पाहिली. पाच आहेत. एक मेलं, त्याचं कातडं पाहिलं. पाचही धष्टपुष्ट आहेत."

गेल्या खेपेला त्यातला शेवटचा शब्द फार पुसट आला. मुलांना मागे जाऊन पुन्हा ऐकावे लागले. माझी फीत पातळ झाली आहे. मित्रांनो, माझ्यासारखी कॅसेट तुमच्या घरी सापडली तर तिला उन्हात टाकू नका, उघडून फीत ओढू नका, कोणातरी जाणत्याला दाखवून आतला आवाज उतरवून घ्या. ज्यांच्या कामावर तुम्ही पुढे काही उभे कराल, ते अजून असतील तर त्यांना खबर द्या. चांगले झाले ते सांगा, बिघडले तेही सांगा. आणि कोणाच्या हाती निरोप पाठवू नका. स्वतः जा.